आठ फुटी रीफ टाकी, मुंबईचा तज्ज्ञ आणि आंब्याचे तीन महिने

पत्र थोडक्यात असं: वाचक देवगड तालुक्यातले, ५२ वर्षांचे हापूस बागायतदार. घरात दहा वर्षं चार फुटांची गोड्या पाण्याची टाकी आहे आणि ती छान चालली आहे. आता नवं घर झालंय. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आठ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच अशी प्रवाळांची, म्हणजे रीफची, टाकी बसवायची इच्छा आहे. मुंबईहून एक व्यावसायिक येऊन जागा पाहून गेले आणि त्यांनी एका पानाचं कोटेशन पाठवलं. त्यात टाकी, यंत्रं, लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला समुद्री दगड), ‘एसपीएस-एलपीएस’ प्रवाळ, मासे आणि दर दोन महिन्यांनी एक फेरी, असं सगळं एकरकमी आहे. निम्मे पैसे आगाऊ. वाचकांच्या मेव्हण्यांचा ट्रॉलर आहे. ते म्हणतात, पाणी, वाळू, दगड समुद्रातूनच आणू, मुंबईवाल्याला पैसे कशाला? पत्नी विचारतात, आंब्याच्या दिवसांत तुम्ही बागेत, मग टाकीकडे बघणार कोण? वाचकांचा प्रश्न: सगळं तज्ज्ञावर सोपवू, की स्वतः शिकून करू?

नमस्कार.

तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तुमच्या पत्नींनी विचारलाय, आणि तुम्ही तो शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलाय. उत्तराची सुरुवात तिथूनच करू.

रीफ टाकीत काय बिघडतं आणि किती वेळात, हे आधी बघा. २७ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. तेवढ्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात तो आठ असतो. म्हणजे शिल्लक मुळातच कमी. पंप बंद पडला, पाण्याचा पृष्ठभाग हलायचा थांबला, की भरलेल्या टाकीतले मासे काही तासांत वर येऊन तोंडं उघडू लागतात. देवगड ते मुंबई हा रात्रभराचा प्रवास. तिथला माणूस कितीही जाणकार असला तरी जुलैच्या रात्री दोन वाजता बंद पडलेला पंप त्याला दिसणार नाही. त्याच्याकडून आराखडा, निवड, जोडणी आणि शिकवणी विकत घेता येते. रोजची नजर घेता येत नाही. म्हणून ‘सोपवू की शिकू’ अशी निवड तुमच्यापुढे नाहीच. तज्ज्ञ लागेलच, आणि घरातल्या निदान दोघांना शिकावंही लागेल.

दुसरी गोष्ट अशी, की तुम्ही ‘तज्ज्ञ’ हा एक माणूस धरून चालला आहात. या कामात चार वेगवेगळी कामं आहेत: इमारतीवरचा भार, वीज, काच आणि नळकाम, आणि पाण्यातला जीव. पहिल्या दोन कामांची माणसं तुमच्याच तालुक्यात मिळतील आणि तीच जास्त उपयोगाची, कारण गरज पडली तर तासाभरात दारात येतील. मुंबईच्या माणसाची गरज उरलेल्या दोन कामांपुरती.

भाराचा हिशेब

आठ बाय अडीच बाय अडीच म्हणजे साधारण १,४०० लिटरची टाकी. वरची मोकळी जागा सोडली तरी आत १,३०० लिटर पाणी, आणि खारं पाणी लिटरला १.०२५ किलो. १९ मिलिमीटर काच धरली तर नुसती काच सव्वातीनशे किलोच्या घरात. खालची संप (पंप आणि इतर यंत्रं ठेवायची छोटी टाकी), स्टँड, दगड, वाळू धरून आकडा दोन टनांच्या वर जातो. आणि हे सगळं पावणेदोन-दोन चौरस मीटर जागेवर उभं. घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात माणसं आणि सामान यांचा वापराचा भार चौरस मीटरला २०० किलो धरतात. तुमची टाकी त्याच जागेवर पाचपटीहून जास्त वजन टाकते. भिंतीलगत, बीमवर आडवी ठेवली तर स्लॅब तो भार पेलू शकतो, किंवा नाहीही पेलणार. ते घराचं आरसीसी ड्रॉइंग बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच लेखी सांगायचं. कोटेशन देणाऱ्याने ड्रॉइंग मागितलं का? पत्रात तसा उल्लेख नाही, आणि मला ती वाईट खूण वाटते.

तळमजल्यावरही डोळे झाकून ठेवू नका. जोत्यात मातीचा भराव असतो. तो नीट धुम्मस करून बसवलेला नसेल तर दोन पावसाळ्यांत एका कोपऱ्याला चार-पाच मिलिमीटर खचतो. फरशीला ते कळत नाही, लांब टाकीच्या सिलिकॉनला कळतं. टाकीच्या जागेपुरती फरशी काढून खाली १५० मिलिमीटर जाडीचं, जाळी घातलेलं काँक्रीट करून घ्या. स्टँड प्लायचा नको. आपल्याकडच्या दमट हवेत आणि मिठाच्या तुषारांत साधा प्लाय फुगतोच. पावडर कोटिंग केलेली लोखंडी फ्रेम चालते, पण वेल्डिंगच्या जोडांवर रंग उडाला की तिथूनच गंज धरतो. चिऱ्याच्या दोन-तीन बुटक्या भिंती घालून त्यावर काँक्रीटची फळी हा आपल्या भागातला सर्वांत टिकाऊ आणि बहुधा स्वस्त उपाय आहे. भिंतींमधली मोकळी जागा संप बसेल आणि बाहेरही काढता येईल एवढी ठेवा. संप बाहेर काढता येत नाही हे टाकी भरल्यावर लक्षात येणं ही नेहमीची चूक.

आता आकाराबद्दल. मोठी टाकी स्थिर असते हे खरं, पण ते एका मर्यादेपर्यंत. अडीच फूट उंच टाकीत तळाशी हात पोचत नाही. बगल काठाला टेकते आणि दगड हलवायला स्टूल लागतं. जिथे हात पोचत नाही ती जागा साफ होत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पाच फूट लांब, दोन फूट रुंद, वीस इंच उंच अशी टाकी तळमजल्यावर करा. ती साधारण ४७० लिटरची होते. सोबत दीडशे लिटरची संप, म्हणजे प्रत्यक्ष फिरतं पाणी ५४० लिटरच्या आसपास आणि सगळं वजन पाऊण टन. वरच्या कडेला काचेच्या आडव्या पट्ट्या घेतल्या तर १२ मिलिमीटर काच पुरते. पहिल्या दोन वर्षांत ही टाकी तुम्हाला झेपली तर आठ फुटीचा विचार तेव्हा करा. यंत्रं वाया जात नाहीत, बहुतेक पुढे वापरता येतात.

उन्हाळा आणि वीज

मुंबई-पुण्याचे लोक एक चूक हमखास करतात. ते टाकीवर पंखे लावायला सांगतात. पंखा पाणी उडवून थंड करतो, आणि पाणी उडायला हवा कोरडी लागते. मे महिन्यात ३३ अंश तापमान आणि ७० टक्के दमटपणा असताना पंख्याने पाणी २८ अंशांच्या खाली जाऊच शकत नाही, आणि पंप-दिव्यांची उष्णता धरली तर २९-३० वर अडकतं. प्रवाळांना २५ ते २७ हवं. ३० च्या वर आठवडाभर राहिलं की ते रंग टाकतात. म्हणजे चिलर, पाणी थंड करणारं यंत्र, लागणारच. त्यातही दोन गोष्टी बघा. आतली नळी टायटॅनियमची हवी, तांबं पाण्यात विरघळलं की कोळंबी आणि प्रवाळ मरतात. आणि चिलर टाकीच्या कपाटात कोंडू नका, तो तिथली गरम हवाच पुन्हा ओढतो. पडवीत, पावसापासून आडोशाला ठेवून नळ्यांना फोमचं आवरण घाला. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या मागच्या पत्र्याच्या पापुद्र्यांना गंज चढतो. महिन्यातून एकदा वीज बंद करून गोड्या पाण्याने हलके धुवा. वरच्या मजल्याची हौस सोडायला हेही एक कारण आहे: तापलेल्या गच्चीखालचा हॉल आणि तळमजल्यावरचं माजघर यांत मे महिन्यात चांगलाच फरक असतो. (कोटेशनमध्ये दोन हीटर धरले असतील तर एक तरी काढायला सांगा.)

बिलाचा अंदाज पाच फुटीसाठी देतो. मे महिन्यात चिलर ३०० वॉट दिवसाला बारा तास, म्हणजे ३.६ युनिट. दिवे २०० वॉट नऊ तास, १.८. रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टाकीत नेणारा) ४० वॉट आणि दोन वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलतं ठेवणारे) मिळून ४० वॉट चोवीस तास, दोन्ही मिळून १.९. स्किमर (हवेच्या फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) अर्धा युनिट. रोजचे पावणेआठ, महिन्याचे २३५ युनिट. घरचा वापर त्यात मिळवला की वरच्या स्लॅबचा दर लागतो, ते धरून हिशेब करा. थंडीत आणि पावसाळ्यात चिलर कमी चालतो, तेव्हा दीडशेच्या आसपास.

लाईट जाण्याबद्दल तुम्हाला मी काय सांगावं! जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड-श्रीवर्धन भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्तेने सिंधुदुर्गाला दाखवलं. टाकीसाठी घरच्या इन्व्हर्टरवर भागवू नका. पंखे आणि टीव्ही तो रिकामा करतात. वेगळा, प्युअर साइन वेव्हचा घ्या. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर पंप घुमतात आणि तापतात. १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीतून प्रत्यक्षात हजार-अकराशे वॉट-तास मिळतात. त्यावर रिटर्न पंप आणि एक वेव्हमेकर चौदा-पंधरा तास चालतील, एकटा वेव्हमेकर ठेवला तर दिवसभराहून जास्त. दिवे, स्किमर, चिलर यांना इन्व्हर्टरवर जोडायचंच नाही. दिव्यांशिवाय प्रवाळ दोन-तीन दिवस सहज काढतात. त्याहून लांबलं तर छोटा पेट्रोल जनरेटर अंगणात. घरात किंवा पडवीत नाही.

मेव्हण्यांचा खरा उपयोग इथे आहे. त्यांना बर्फाची सोय माहीत असते. ५४० लिटर पाणी एक अंशाने उतरवायला एकेक लिटरच्या पाच गोठवलेल्या बाटल्या लागतात. बाटल्या बंद झाकणाच्या, संपमध्ये दोन-दोन करून. बर्फ थेट टाकीत टाकला तर गोडं पाणी मिसळेल, आणि मासे ठेवायच्या बर्फाचं पाणी तर नकोच नको.

वायरमनकडून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) टाकीच्या सर्किटला स्वतंत्र बसवून घ्या, आणि अर्थिंग मोजायला सांगा. आपली जांभ्याची कातळजमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग नुसतं नावाला उरतं. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात अधूनमधून पाणी सोडावं लागतं. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोका घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी झोक्यावरून खाली गळेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

समुद्र दारात असल्याचा फायदा

मेव्हण्यांचं म्हणणं ऐकायला रास्त वाटतं, म्हणून एकेक वस्तू घेऊ.

पाणी. मिरग लागला की खाड्या-नद्यांचं गढूळ गोडं पाणी किनाऱ्याला पसरतं आणि खारटपणा घसरतो. त्याच वेळी १ जूनपासून निदान ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. म्हणजे पाणी वाईट असतं तेव्हाच ते दूरवरून आणायची सोयही नसते. बंदरातल्या पाण्यावर डिझेलचा तवंग वेगळाच. जानेवारी ते मार्चमध्ये काही मैल आतून, खाद्यपदार्थांच्या स्वच्छ पिंपांत आणलेलं पाणी वापरणारे लोक आहेत. ते पाच मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात, पंधरा दिवस अंधारात ठेवतात आणि खारटपणा, अमोनिया, फॉस्फेट तपासूनच वापरतात. पहिल्या वर्षी तुम्ही हे करू नका. काही बिघडलं तर पाण्यामुळे की आणखी कशामुळे, हे कळणार नाही. तयार रीफ मीठ घ्या: लिटरला सुमारे ३७ ग्रॅम, पहिल्या भरणीला वीस किलो, पुढे पंधरा दिवसांनी दहा टक्के पाणी बदलायला दर वेळी दोन किलो. खारटपणा हजारी ३५, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर डिस्टिल्ड पाण्यावर नव्हे, ३५ च्या तयार द्रावणावर जुळवा.

गोडं पाणी विहिरीचं थेट चालणार नाही. जांभ्यातल्या विहिरींत लोह असतं, किनाऱ्याजवळच्यांत क्षार. आरओडीआय (पाण्यातले सगळे क्षार काढणारं) यंत्र लावा आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्य आल्याशिवाय पाणी वापरू नका. इथे एक अडचण येते ती मुंबईच्या माणसाला सुचत नाही: गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्यावर सहा-सात मीटरचाच दाब मिळतो, म्हणजे एक बारही नाही. यंत्रातल्या मेंब्रेनला साडेतीन-चार बार लागतात. बूस्टर पंप घ्यावाच लागेल, नाहीतर बादलीभर पाण्याला दिवस जाईल आणि बरंचसं पाणी फुकट वाहील.

वाळू. किनाऱ्याची वाळू उचलायला कायद्याची आडकाठी आहेच, शिवाय रत्नागिरीकडच्या किनाऱ्यांवर तिच्यात काळं इल्मेनाइट, लोह आणि टायटॅनियमचं खनिज, मिसळलेलं असतं. ॲरागोनाइटची वाळू विकत मिळते, ती घ्या.

दगड आणि प्रवाळ. इथे मी हात जोडून नको म्हणतो. सगळे कठीण, रीफ बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रपंखे, काळे प्रवाळ, समुद्रघोडेही त्यातच. वाघ ज्या अनुसूचीत आहे, तीच ही. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि दंड. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, पण ‘आपण अभयारण्याबाहेरून आणू’ ही पळवाट नाही. आंग्रिया बँकेवरून, म्हणजे भर समुद्रातल्या प्रवाळपट्ट्यावरून, आणा की तुमच्या समोरच्या खडकावरून, घरात ठेवायला कायदा तोच. मेलेला, वाळलेला प्रवाळसुद्धा त्यात येतो. आता कोटेशनमधल्या ‘एसपीएस-एलपीएस’ या अक्षरांचा अर्थ बघा: लहान आणि मोठ्या पॉलिपचे कठीण प्रवाळ. ‘साहेब, इम्पोर्टेड आहेत’ असं उत्तर येईल. कठीण प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला साइट्स कराराची (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं लागतात, आणि अशा जिवंत प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. ती कागदपत्रं तुमच्या नावावर मिळत नसतील तर ती ओळच कोटेशनमधून काढा. तुरुंगात एकटा विक्रेता नव्हे, तुम्हीही जाऊ शकता.

कठीण प्रवाळांशिवायही टाकी सुंदर दिसते, आणि पहिल्या टाकीसाठी मऊ प्रवाळच बरे: मशरूम, झोआ, लेदर, स्टार पॉलिप. त्यांना कॅल्शियम रोज मोजून घालावं लागत नाही. नियमित पाणी बदललं की क्षारता ८-९ डीकेएच, कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास राहतं. नायट्रेट ५ ते १० असू द्या, शून्य करायच्या मागे लागू नका. झोआ हाताळताना मात्र हातमोजे आणि चष्मा. काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. असा दगड उकळत्या पाण्याने धुतल्यावर वाफेने घरातली माणसं आजारी पडल्याच्या घटना घडल्या आहेत.

फवारणी

तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, मला मात्र सगळ्यात जास्त काळजी हीच वाटते. तुडतुड्यांसाठी तुम्ही डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, इमिडाक्लोप्रिड मारत असाल. करप्यासाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड. पायरेथ्रॉइड गटाची औषधं कोळंबी-खेकड्यांना आणि माशांना अतिशय कमी प्रमाणातही मारक असतात. तांब्याचं वर सांगितलंच. आणि रीफ टाकीतला स्किमर दिवसभर खोलीतली हवा शेकडो लिटरने पाण्यात घुसळत असतो. बाग घराला लागून असेल तर फवारणीच्या दिवशी स्किमर आणि हवेचे पंप बंद, खिडक्या बंद, संपमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन. फवारणी केलेल्या गड्याने किंवा तुम्ही स्वतः, आंघोळ झाल्यावरही त्या दिवशी टाकीत हात घालायचा नाही. टाकीच्या बादल्या, मग, नळ्या लाल रंगाने खुणावून वेगळ्या ठेवा. औषधाची बादली एकदा चुकून वापरली तर सकाळी सगळं संपलेलं असेल. तज्ज्ञाला बागेबद्दल सांगा. त्याला आधीच विचारायचं सुचलं असेल तर माणूस कामाचा आहे.

करार कसा करावा

पैसे तारखांना बांधू नका, टप्प्यांना बांधा. आराखड्याचे वेगळे पैसे द्या आणि तो कागद तुमचा असू द्या: काचेची जाडी, सिलिकॉनचा प्रकार, नळांचा नकाशा, प्रत्येक यंत्राचं मॉडेल आणि वॉट. बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन नको. त्यातलं औषध पाण्यात उतरतं. टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ओव्हरफ्लोची भोकं आधी ठरली पाहिजेत. तेही दोन हवेत: एक रोजचं, दुसरं पहिलं तुंबलं तर. एखादी गोगलगाय पाइपात अडकते आणि हॉलभर पाणी होतं, ते दुसऱ्या भोकामुळेच टळतं. चिकटवल्यावर आठवडाभर सुकू द्या, मग आठवडाभर साध्या पाण्याने भरून ठेवा. त्याआधी पुढचा हप्ता नाही.

त्या चाचणीत एक प्रयोग स्वतः करा: पंपाचं बटण बंद करा आणि संपकडे बघा. पाच फुटी टाकीची पातळी दोन सेंटिमीटर उतरली की अठरा-एकोणीस लिटर खाली येतं, पाइपातलं वेगळं. संपमध्ये पंचवीस-तीस लिटरची जागा कायम रिकामी हवी. ‘पाइपाला छोटं भोक पाडलंय, पाणी मागे येणार नाही’ यावर विसंबू नका, त्या भोकात शेवाळ बसतं.

मग सायकलिंग, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू टाकीत वाढू देणं. मानवनिर्मित सिरॅमिक दगड, वाळू, जिवाणूंची बाटली आणि अमोनिया २ पीपीएम. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. कोटेशनमध्ये प्रवाळ आणि मासे यंत्रांबरोबर एकाच गाडीत येणार असतील तर ते अमान्य करा. पहिली विदूषक माशांची जोडी नंतर, पुढे दोन-तीन आठवड्यांनी एकेक. ते समुद्रातून पकडलेले नकोत, हॅचरीतले घ्या; कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचं तंत्र केव्हाच बसवलंय आणि असे मासे बाजारात मिळतात. प्रत्येक नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत. तुमची जुनी चार फुटी रिकामी करून खारं पाणी भरलं तर त्यासाठी नामी आहे. शेवटचे पंधरा टक्के पैसे पहिला मासा सोडल्यावर नव्वद दिवसांनी.

दोन महिन्यांनी एक फेरी याऐवजी दुसरी मागणी करा. सुरुवातीला सलग दोन दिवस तुम्हा दोघांना हातात किट देऊन शिकवायचं, पुढे सहा महिने दर रविवारी तुम्ही आकडे आणि फोटो पाठवायचे आणि त्याने उत्तर द्यायचं. प्रत्यक्ष फेरी तिमाहीला पुरते. एक जादा रिटर्न पंप घरात कायम, त्याच्या गोदामात नव्हे. आणि त्याने बसवलेली, निदान दोन वर्षं चाललेली, शक्यतो किनाऱ्यावरच्या गावातली एक टाकी बघायला जा, मालकाशी तो समोर नसताना बोला. जाता येता रत्नागिरीला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघा. आपल्याच हवेत खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारी माणसं तिथे आहेत. दोन प्रश्न विचारून या.

तुमच्या गोड्या पाण्याच्या सवयींतली एक सोडावी लागेल. पाणी कमी दिसलं की बादली ओतायची, ही. खाऱ्या टाकीतून पाणी उडतं, मीठ उरतं. रोज पाच लिटर उडून चार दिवस कुणी बघितलं नाही तर ३५ चा खारटपणा ३६.३ होतो. भर गोड्या आरओ पाण्याचीच घालायची, तीही आपोआप घालणाऱ्या ऑटो टॉप-अपने. त्याची टाकी वीस लिटरच्या वर ठेवू नका. फ्लोट अडकून सगळं रिकामं झालं तरी खारटपणा ३३.७ पर्यंतच उतरेल, आणि तेवढं सगळ्यांना सोसतं. शंभर लिटरचं पिंप जोडलं असेल तर सोसणार नाही.

आगाऊ रक्कम द्यायच्या आधी

जूनपर्यंत पैसे देऊ नका. मार्च, एप्रिल, मे हे तीन महिने तुम्ही सगळ्यात जास्त गुंतलेले असता, आणि टाकीचे तेच सगळ्यात कठीण महिने. माजघरात जिथे टाकी यायची तिथे पन्नास लिटरचा टब साध्या पाण्याने भरून ठेवा, त्यात थर्मामीटर आणि एक छोटा पंप. भिंतीला वही टांगा. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री दहा: तापमान, किती पाणी भरलं, लाईट किती वाजता गेली आणि किती वाजता आली, बागेत फवारणी होती का. नोंद कुणी केली, त्याचं नाव पुढे.

जूनमध्ये वही उघडा. दुपारी तीनचे आकडे चिलरची क्षमता ठरवतील, लाईटचे आकडे बॅटरीची. नावांचा रकाना पत्नींच्या शेजारी बसून वाचा. रिकाम्या जागा दहा-बारा असतील तर ठीक आहे. महिना-महिना रिकामा असेल तर रीफचा विचार ऑक्टोबरनंतर करा, किंवा बागेतला एखादा कायमचा गडी शिकायला तयार आहे का ते बघा, आणि असल्यास त्याचा पगार खर्चात धरा. मग वहीचे फोटो मुंबईला पाठवा. ज्याला ते बघून आणखी चार प्रश्न पडतील, त्याला आराखड्याचे पैसे द्या.